आवर्त सारणी : बाण पाठ करण्याआधी हे वाचा

"सर, आवर्तात उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉन वाढतात ना? मग अणू लहान कसा होतो? मोठा व्हायला नको का?"

दहावीचे वर्ग सुरू झाले की भिवंडीत हा प्रश्न ठरलेला. पद्मानगरची मुलगी विचारते, अंजूरफाट्याचा मुलगा विचारतो, मराठी माध्यमाचा विचारतो तसाच उर्दू आणि तेलुगूचाही विचारतो. अकरावीला तीच मुलं पुन्हा तोच प्रश्न इंग्रजी शब्दांत घेऊन येतात. पालकांची तक्रार वेगळी असते. "रात्रभर पाठ करून गेला, तरी मार्क गेले." तक्रार खरी आहे आणि कारण पाठांतरातच आहे. बहुतेक गाइडांत आवर्त सारणीच्या चौकटीभोवती चार बाण काढलेले असतात : हे वाढतं, ते कमी होतं. मुलं बाण पाठ करतात. परीक्षेत मात्र विचारतात "का?", नाहीतर नेमकं असं मूलद्रव्य देतात जिथे बाण उलटा फिरतो.

सुरुवात दोन प्रश्नांनी करा

कोणत्याही दोन मूलद्रव्यांची तुलना करायची असेल, तर स्वतःला एवढंच विचारा :

- इलेक्ट्रॉनांची कवचं किती आहेत?
- सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रक किती जोरात ओढतंय?

गणात वरून खाली आलात की दर पायरीला एक नवं कवच चढतं. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो आणि मधली कवचं केंद्रकाची ओढ अडवतात. म्हणून अणू मोठा होतो. आवर्तात डावीकडून उजवीकडे गेलात तर कवच तेच राहतं. नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात बसतो आणि एका कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना फारसे आडोसा देत नाहीत. इकडे केंद्रकात मात्र दर पायरीला एक प्रोटॉन वाढलेला असतो. ओढ वाढते आणि सगळं कवच आत खेचलं जातं.

ज्यांच्या घरी लूम आहेत त्यांना हे पटकन कळतं. सायझिंगहून आलेल्या बीमवर सुताचा आणखी एक थर चढला तर बीम जाड होतो. थर तेवढेच ठेवून सूत जास्त ताणाने गुंडाळलं तर तो आवळून बसतो. गणात थर वाढतात आणि आवर्तात ताण वाढतो.

आकडे एकदा डोळ्यांखालून घाला, पाठ करू नका. एकक पिकोमीटर आहे :

- दुसरं आवर्त : लिथियम 152, बेरिलियम 111, बोरॉन 88, कार्बन 77, नायट्रोजन 74, ऑक्सिजन 66
- तिसरं आवर्त : सोडियम 186, मॅग्नेशियम 160, ॲल्युमिनियम 143 आणि शेवटी क्लोरीन 99
- पहिला गण : लिथियम 152, सोडियम 186, पोटॅशियम 231, रुबिडियम 244, सीझियम 262

सोडियमपाशी थांबा. ऑक्सिजनला 66 पर्यंत उतरलेला आकडा सोडियमला एकदम 186 होतो, कारण तिथे तिसरं कवच उघडलं. हा आकडा नीट समजला तर अर्धा धडा समजला असं माझं मत आहे.

उरलेले गुणधर्म या दोन उत्तरांतूनच निघतात. ओढ जास्त असेल तर इलेक्ट्रॉन काढून घ्यायला ऊर्जा जास्त लागते, म्हणून आयनीभवन ऊर्जा उजवीकडे वाढते. ओढ कमी असेल तर इलेक्ट्रॉन सहज सुटतो, म्हणून धातू गुणधर्म डावीकडे आणि खालच्या बाजूला ठळक होतो. लिथियम पाण्यात शांतपणे बुडबुडे सोडतं, सोडियम पाण्यावर धावतं आणि पोटॅशियम पेट घेतं. तिघांच्याही बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे, पण दर पायरीला तो लांब गेलेला आहे.

"शास्त्रीय कारण लिहा" : गुण कुठे जातात?

राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1'मध्ये 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हा दुसरा धडा आहे. त्याच्या स्वाध्यायात शास्त्रीय कारणं विचारलेली आहेत. नेहमी दिसणारं उत्तर असं असतं :

"आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणुत्रिज्या कमी होते, कारण उजवीकडच्या मूलद्रव्यांचा आकार लहान असतो."

हे प्रश्नच उलटा करून लिहिणं झालं. यात कारण कुठेच नाही. तपासणारे शिक्षक तीन टप्पे शोधत असतात. ते या क्रमाने लिहा :

1. काय बदलतं : अणुअंक एकेकाने वाढतो, म्हणजे केंद्रकावरचा धनप्रभार एकेका एककाने वाढतो.
2. काय बदलत नाही : भर पडलेला इलेक्ट्रॉन आधीपासून असलेल्या बाह्यतम कवचातच जातो, नवं कवच तयार होत नाही.
3. परिणाम : वाढलेल्या प्रभारामुळे इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे अधिक ओढले जातात आणि अणूचं आकारमान कमी होतं.

सर्वांत जास्त गाळला जातो तो दुसरा टप्पा. नुसतं "प्रभार वाढतो म्हणून आकार कमी होतो" असं लिहिलंत, तर गणात खाली जातानाही प्रभार वाढतोच, मग तिथे आकार का वाढतो? तुमचं उत्तर दोन्हीकडे लागू पडत असेल, तर ते अपुरं आहे.

धातू गुणधर्माच्या प्रश्नाला हेच तीन टप्पे लिहून पुढे "त्यामुळे इलेक्ट्रॉन गमावण्याची प्रवृत्ती कमी होते" एवढं जोडा.

अकरावीत बदलणारी नावं

विज्ञान शाखेत गेलात की शिकणं, लिहिणं सगळं इंग्रजीतून. मराठी माध्यमातून आलेली चांगली हुशार मुलं पहिल्या चाचणीत आपटतात ती या शब्दांवर. कल्पना जुन्याच असतात. वहीच्या पहिल्या पानावर ही यादी लिहून ठेवा :

- अणुत्रिज्या : ॲटॉमिक रेडियस
- आयनीभवन ऊर्जा : आयोनायझेशन एन्थाल्पी
- विद्युतऋणता : इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी
- इलेक्ट्रॉन स्वीकारताना होणारा ऊर्जाबदल : इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी
- आतल्या कवचांचा आडोसा : शील्डिंग किंवा स्क्रीनिंग इफेक्ट
- आडोसा वजा जाता उरलेली केंद्रकाची ओढ : इफेक्टिव्ह न्यूक्लिअर चार्ज

शेवटचा शब्द सर्वांत कामाचा. वर विचारलेला दुसरा प्रश्न, "केंद्रक किती जोरात ओढतंय", याचंच ते अकरावीतलं नाव आहे.

विद्युतऋणता आणि इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी यांत गल्लत होते. पहिली बंधातल्या अणूची गोष्ट आहे : जोडीदाराबरोबर वाटून घेतलेले इलेक्ट्रॉन कोण स्वतःकडे जास्त खेचतो. दुसरी एकट्या, वायुरूप अणूची गोष्ट आहे : त्याला बाहेरून एक इलेक्ट्रॉन दिला तर किती ऊर्जा सुटते. विद्युतऋणतेत फ्लोरीन पहिला, पॉलिंगच्या मापनात सुमारे 4. दुसऱ्यात पहिला क्लोरीन.

बाण उलटे फिरतात त्या जागा

स्पर्धा परीक्षांचे प्रश्न इथूनच निघतात. ऊर्जेचे सगळे आकडे प्रति मोल किलोज्यूलमध्ये आहेत.

*बेरिलियम आणि बोरॉन.* उजवीकडे आयनीभवन ऊर्जा वाढायला हवी, पण बेरिलियमची 899 आणि बोरॉनची 801. बेरिलियमचा इलेक्ट्रॉन भरलेल्या 2एस उपकवचातून काढावा लागतो. बोरॉनचा सुटतो 2पी मधून, आणि त्या इलेक्ट्रॉनला आतल्या 2एसचा थोडा आडोसा आहे. खालच्या आवर्तात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांच्यात हेच घडतं.

*नायट्रोजन आणि ऑक्सिजन.* 1402 आणि 1314. नायट्रोजनचं पी उपकवच बरोबर अर्धं भरलेलं आहे, तिन्ही कक्षकांत एकेक इलेक्ट्रॉन. ऑक्सिजनच्या एका कक्षकात दोघांना दाटीवाटीने राहावं लागतं. त्यांच्यातल्या प्रतिकर्षणामुळे एकाला बाहेर काढणं सोपं जातं. अर्धं भरलेलं उपकवच स्थिर असतं एवढं लिहून थांबू नका, प्रतिकर्षणाचाही उल्लेख करा.

*फ्लोरीन आणि क्लोरीन.* इलेक्ट्रॉन स्वीकारताना फ्लोरीन 328 सोडतो आणि क्लोरीन 349. फ्लोरीनचा अणू इतका लहान आहे की येणाऱ्या इलेक्ट्रॉनला तिथे आधीच बसलेल्यांचा धक्का लागतो. याच दाटीमुळे फ्लोरीन रेणूतला बंधही अपेक्षेपेक्षा कमकुवत : त्याची बंध-ऊर्जा 158 च्या आसपास, क्लोरीनची 242. ऑक्सिजन आणि सल्फर यांच्यातही हाच उलटा क्रम दिसतो.

*ॲल्युमिनियम आणि गॅलियम.* खाली गेलं की अणू मोठा व्हायला हवा, पण ॲल्युमिनियम 143 पिकोमीटर आणि गॅलियम 135. मध्ये डी खंडाची दहा मूलद्रव्यं येऊन गेली. डी इलेक्ट्रॉन आडोसा देण्यात कच्चे, त्यामुळे ओढ वाढलेली असते. बारावीत झिर्कोनियम 160 आणि हाफ्नियम 159 असे जवळजवळ जुळे आकडे दिसतील. तिथे डीच्या जागी एफ इलेक्ट्रॉन आहेत, त्याला लँथेनाइड आकुंचन म्हणतात.

*निऑन फ्लोरीनपेक्षा मोठा?* काही कोष्टकांत तसं दिसतं आणि मुलं घाबरतात. इथे मोजण्याची पद्धत वेगळी आहे. निऑन कोणाशी बंध करत नाही, म्हणून त्याची व्हॅन डर वाल्स त्रिज्या देतात. वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

*हायड्रोजन हॅलाइडांची आम्लता.* फ्लोरीन सर्वांत विद्युतऋण, म्हणून हायड्रोजन फ्लोराइड सर्वांत तीव्र आम्ल, असं कितीतरी जण बिनदिक्कत लिहितात. प्रत्यक्षात पाण्यातल्या द्रावणात ते या चौघांत सर्वांत सौम्य आणि हायड्रोजन आयोडाइड सर्वांत तीव्र. इथे बंध किती सहज तुटतो ते ठरवणारं आहे आणि आयोडीनचा मोठा अणू हायड्रोजनला सैल धरतो.

क्रम लावायचा प्रश्न आला तर

1. प्रत्येकाचं इलेक्ट्रॉन संरूपण कच्च्या जागेत लिहा. दहा सेकंद लागतात, वाचवू नका.
2. कवचं वेगळी असतील तर आधी त्यावरून गट पाडा.
3. कवचं समान असतील तर अणुअंकावरून क्रम लावा.
4. आयनीभवन ऊर्जेचा प्रश्न असेल तर भरलेलं किंवा अर्धं भरलेलं उपकवच मध्ये येतंय का बघा.
5. आयन असतील तर पहिल्यांदा इलेक्ट्रॉन मोजा.

पाचव्या पायरीवर बहुतेक जण घसरतात. N³⁻, O²⁻, F⁻, Na⁺, Mg²⁺, Al³⁺ या सहाही आयनांत दहा-दहाच इलेक्ट्रॉन आहेत. दहा इलेक्ट्रॉनांना ओढणारे प्रोटॉन नायट्रोजनमध्ये सात आणि ॲल्युमिनियममध्ये तेरा. म्हणून लिहिलेल्या क्रमानेच आकार कमी होत जातो. सोडियमचा अणू 186 पिकोमीटर, पण एक इलेक्ट्रॉन गेला की बाहेरचं कवचच जातं आणि आयन 95 वर येतो. फ्लोरीनचं उलट : अणू 64, आयन 136.

गण 17 प्रयोगशाळेत बघा

लूमवरून नुकतंच उतरलेलं ग्रे कापड घ्या. त्याच्या ताण्याला सायझिंगमध्ये खळ लावलेली असते आणि खळीत स्टार्च असला तर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकताच तिथे निळा-काळा डाग उमटतो. खळ पूर्ण निघाली की नाही हे प्रोसेसिंगमध्ये अशाच थेंबाने तपासतात.

आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षक समोर असताना, पोटॅशियम आयोडाइडच्या रंगहीन द्रावणात स्टार्च घाला. काहीच होणार नाही, कारण तिथे मोकळं आयोडीन नाही, आयोडाइड आहे. त्यात क्लोरीन वॉटरचे दोन-चार थेंब सोडा. द्रावण गर्द निळं होतं. क्लोरीनने आयोडाइडचा इलेक्ट्रॉन हिसकावला आणि आयोडीन मोकळं झालं. उलट दिशेने, क्लोराइडच्या द्रावणात आयोडीन टाकून काहीही होत नाही. गणात खाली जाताना इलेक्ट्रॉन खेचण्याची ताकद कमी होते हे वाक्य यानंतर पाठ करावं लागत नाही.

बारावीच्या प्रात्यक्षिकात क्षार ओळखताना सिल्व्हर नायट्रेटने येणारे साकेही असेच बघा. क्लोराइडचा पांढरा, ब्रोमाइडचा फिकट पिवळा, आयोडाइडचा पिवळा. अमोनियाच्या द्रावणात पहिला विरघळतो, दुसरा जेमतेम, तिसरा नाही. रसायनशास्त्रात लेखी 70 आणि प्रात्यक्षिक 30 गुणांचं असतं, त्यामुळे तासाला फक्त जर्नल उतरवून घेऊ नका. प्रयोग स्वतः करायला मिळावा असा आग्रह धरा.

एक ताकीद : क्लोरीनचा प्रयोग घरी करू नका. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

सीबीएसईतून आलात?

एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून आवर्ती वर्गीकरणाचा धडा वगळला. 2023 मध्ये त्यावरून देशभर वाद झाला. राज्य मंडळाच्या दहावीत तो आहे. म्हणजे सीबीएसईची दहावी करून इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात आलेल्या मुलांना अकरावीत तो पहिल्यांदाच भेटतो, आणि शेजारी बसलेल्यांना तो माहीत आहे असं शिक्षक गृहीत धरतात. गप्प बसून नुकसान करून घेऊ नका. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर दहावीचं पुस्तक मोफत मिळतं, इंग्रजी माध्यमाचंही. तेवढा एक धडा सुट्टीत दोन बैठकांत वाचून होतो. त्यासाठी कल्याण-ठाण्याच्या क्लासला वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

कोणत्या परीक्षेला किती जोर द्यायचा

*दहावी.* भाग 1 ची लेखी परीक्षा 40 गुणांची. कारणं, आवर्त-गण ओळखणं, डोबेरायनर-न्यूलँड्स-मेंडेलीव्ह-मोस्ले यांचा क्रम एवढं पक्कं करा.

*एमएचटी-सीईटी.* रसायनशास्त्राचे 50 प्रश्न, साधारण 20 टक्के भार अकरावीचा आणि बाकीचा बारावीचा. ट्रेंडवरचे प्रश्न गण 1, 2 आणि बारावीतल्या गण 16, 17, 18 च्या धड्यांतूनही येतात, म्हणून आवर्त सारणीचा धडा सुटा धरू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

*नीट.* रसायनशास्त्राचे 45 प्रश्न, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 वजा. क्रम लावायच्या प्रश्नात चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले तरच उत्तर द्या.

भाषेचा पर्यायही लक्षात ठेवा. सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठी किंवा उर्दूतूनही घेता येते, गणित मात्र इंग्रजीतच. नीटमध्येही मराठी आणि उर्दू आहेत. ही निवड अर्ज भरतानाच करावी लागते, म्हणून सायबर कॅफेवाल्यावर सोडून देऊ नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. दोन वर्षं इंग्रजीतून शिकला असाल तर शेवटच्या दिवशी भाषा बदलण्यात शहाणपण नाही. पारिभाषिक मराठी शब्द समोर आले तर उलट वेळ जातो. सराव परीक्षा ज्या भाषेत दिल्यात तीच निवडा.

गुण कमी पडले तर

- दहावी-बारावीच्या निकालानंतर मंडळाकडे गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत यांसाठी अर्ज करता येतो. मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच तारखा लिहून घ्या.
- पडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेला प्रश्न राहिलाय का एवढंच बघतात. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर पुनर्मूल्यांकन मागावं लागतं आणि त्यासाठी आधी छायाप्रत घेतलेली असावी लागते.
- दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा आणि उत्तीर्ण झालेल्यांसाठी श्रेणीसुधार हे वेगळे मार्ग आहेत.
- सीईटी आणि नीटमध्ये उत्तरसूची प्रसिद्ध झाल्यावर शुल्क भरून आक्षेप नोंदवता येतो. आक्षेपासोबत पाठ्यपुस्तकाचं पान जोडा, क्लासची नोट नको.

छायाप्रत हातात आली की "कारण लिहा"चे प्रश्न आधी काढा आणि वर दिलेले तीन टप्पे तुमच्या उत्तरात आहेत का, ते विषयशिक्षकांसोबत बसून बघा. तिन्ही असूनही गुण कापलेले असतील तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. दुसरा टप्पा गाळलेला असेल तर ते पैसे जवळ ठेवा.